निशिगंधाच्या रक्तातली एकशे सोळा दिवसांची म्हातारी

मी एक जुनी तांबडी पेशी आहे. वय एकशे सोळा दिवस. तुम्ही हसाल, पण मित्रांनो, आमच्यात एकशे वीस दिवस म्हणजे पुरं आयुष्य. अमडापूरच्या निशिगंधाच्या रक्तात माझं बिऱ्हाड आहे. बिऱ्हाड म्हणायचं इतकंच, बूड टेकायला कुठे जागा नाही. हृदय ढकलतं आणि आम्ही पळतो. मिनिटभरात अख्ख्या मुलीला एक फेरी होते, लगेच दुसरी सुरू. तिच्या कानाच्या पाळीतून जाताना बाहेरचं बोलणं ऐकू येतं, डोळ्याच्या कडेने जाताना थोडं दिसतं. तुटक का होईना, पण घरातलं सगळं मला ठाऊक असतं. ठाऊक असून सांगता येत नाही, हे माझं दुखणं आहे.

माझा जन्म तिच्या कमरेच्या हाडात झाला. हाडाच्या आत मऊ मज्जा असते, तिथे आम्ही रोज अब्जांनी तयार होतो. बाहेर पडायच्या आधी आमचं केंद्रक काढून घेतात. केंद्रक म्हणजे पेशीचं दप्तर म्हणा ना. काय करायचं, काय सांगायचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ते गेलं की आत प्राणवायू भरायला जागा होते. नव्या पेशीकडे पहिले एक-दोन दिवस त्या दप्तरातले थोडे कागद शिल्लक राहतात, मग तेही जातात. माझे केव्हाच गेले. मला वाहायला येतं, बोलायला येत नाही.

पण वाहायचं काम मी मन लावून केलं. निशिगंधा निवृत्ती भाजीवाल्याची मुलगी, वय वीस. तिला पोलिसात भरती व्हायचं होतं. रोज पहाटे ती आणि तिची मैत्रीण अर्पिता खामगाव रस्त्याला धावायच्या. दोघींत धावायच्या बुटांचा एकच चांगला जोड. एक दिवस हिच्या पायात, एक दिवस तिच्या. वेळ मोजायला एक मोबाईल, भिजवलेले चणे एका डब्यात, आणि घोटभर पाणी उरलं तरी तेही अर्धं अर्धं. आठशे मीटर धावून झालं की शिकवणारे सर म्हणायचे, "या पोरीत दम आहे." मित्रांनो, दम म्हणजे कोण? आम्हीच की! फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा, पोटरीला नेऊन टाकायचा, पुन्हा धावत माघारी. ते शब्द कानाच्या पाळीत ऐकले की मी आणखी जोरात पळायची. आमचं नाव कोणी घेतलं नाही, पण कौतुक आमचंच होतं यात मला तरी शंका नव्हती.

मग तो डास आला. तो कुठला होता तेही सांगते. अमडापुरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरामागे सिमेंटची टाकी. आरोग्य सेवक गुलाबराव दर आठवड्याला येऊन सांगायचे, टाकी रिकामी करा, घासून कोरडी करा, नाहीतर निदान झाकून ठेवा. निशिगंधाची आई शालूबाई त्यांना एकदाच म्हणाली होती, "दहा दिवसानं नळ येते भाऊ, अन् तुमी म्हन्ता टाकी उपडी करा. प्यायच्या पान्याचं काय मंग?" तिचंही बरोबर होतं. पण झाकण घालायला काय हरकत होती? ते आज टाकू, उद्या टाकू यातच पावसाळा सरला.

डासाच्या सोंडेतून आलेले हिवतापाचे जंतू रक्तात थांबले नाहीत, थेट यकृतात जाऊन बसले. यकृतातून जाताना मला दिसलं, काही पेशी आतून फुगत चालल्या आहेत. आणि काहींत जंतू नुसता झोपलेला. हालचाल नाही, वाढ नाही, दार लावून निजलेला. मला तेव्हा ते फारसं कळलं नाही. दोन आठवड्यांनी फुगलेल्या पेशी फुटल्या आणि जंतूंचे थवे रक्तात उतरले.

ते माझ्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते. या जातीच्या जंतूंना कोवळ्या पेशी लागतात, नुकत्याच हाडातून बाहेर पडलेल्या. आम्ही म्हाताऱ्या बाजूने वाहत राहिलो आणि आमच्या डोळ्यांसमोर पोरी धरल्या जात होत्या. माझ्या शेजारी एक धाकटी होती, जेमतेम दिवसभराची. जंतू तिच्या आत शिरला. तिच्याजवळ कागद शिल्लक होते, म्हणून तिने जंतूचा एक तुकडा अंगावर खुणेसारखा लावला. "माझ्यात चोर शिरलाय, मला पाडा," अशी ती खूण. आमच्या पांढऱ्या पेशींत काही मारेकरी असतात, ते अशी खूण शोधतच फिरतात. मी घाबरले. आमच्यात शब्द नसतात, नुसतं अंगाला अंग लागतं. मी त्या धाकटीला खेटून, तिची खूण झाकून वाहत राहिले. पोर वाचावी, एवढंच माझ्या मनात होतं.

ती वाचली नाही. दोन दिवसांनी ती फुटली आणि तिच्यातून वीस-बावीस नवे जंतू बाहेर पडले. खूण दिसली असती तर ती एकटी गेली असती. मी झाकलं म्हणून तिच्यासारख्या आणखी वीस गेल्या. मित्रांनो, ही गोष्ट मी अजून विसरलेली नाही. तेव्हापासून मला चैन नाही.

तुम्हाला वाटत असेल, ताप जंतू आणतात. तसं नाही. पेशी फुटते तेव्हा जंतूंबरोबर त्यांच्या जेवणाची काळी राखही बाहेर सांडते. ते पाहून पांढऱ्या पेशी एकच आरडाओरडा करतात. तो मेंदूपर्यंत जातो आणि मेंदू अंग तापवतो. सगळ्या धाकट्या एकदम फुटतात, म्हणून थंडी एकदम वाजते. पुढच्या फुटायला दोन दिवस लागतात, म्हणून मधला दिवस कोरा जातो. पण हे पांढरे पहारेकरी तरी किती दिवस दमाने घेणार? काळी राख गिळून गिळून ते सुस्त झाले, आणि सुस्तीतही चिडके. फुटलेल्या पेशींचे तुकडे ज्या चांगल्या पेशींना चिकटले होते त्यांनाही ते धरू लागले. एक जंतूवाली सापडली की तिच्यामागे कितीतरी निर्दोष जायच्या. प्लेटलेट म्हणजे चिमुकल्या, आमच्या पायात येणाऱ्या. पण त्या धावून जाऊन जंतूवालीला चिकटायच्या, तिच्यातला जंतू मारायच्या आणि स्वतः संपायच्या. डाव्या बरगडीखालची प्लीहा ही आमची चाळणी; ती पकडून पकडून सुजली. माझ्याही अंगाला तुकडे चिकटले होते. प्रत्येक फेरीला प्लीहेच्या फटीत शिरताना मला वाटायचं, आता बाहेर पडत नाही.

आणि बाहेर, निशिगंधा ओट्यावर बसून कॅलेंडरवर बोट फिरवत होती.

"आज आला, म्हंजे उद्या नाई. परवा येईन," ती अर्पिताला सांगत होती. "असं मोजत गेलं तं भरतीच्या मैदानाच्या दिवशी बघ, कोराच दिवस येते."

"तापाले कॅलेंडर समजते का व?"

"समजते. आठ दिवस झाले, घड्याळ लावून येऊन राह्यला. तीनले थंडी, सहाले घाम. अन् मैदान तं सकाळचं हाय."

"मायले तरी सांग."

"मायले सांगितलं तं ती जाऊच नाही देणार. तुले माह्या गळ्याची आन हाय, अर्पे."

भर दुपारी गोधडीत शिरलेली पोर पाहून शालूबाईने विचारलं, "काऊन वं, आंग दुखते का?" तर निशिगंधा म्हणाली, "पाय भरून आले, धावून धावून." शालूबाईने तेल गरम करून पोरीचे पाय चोळून दिले. मी तेव्हा त्याच पायातून जात होते. आईचा हात गरम, पोरीचा पाय त्याहून गरम. तिला कळायला हवं होतं, पण ती दिवसभर वांग्याच्या वाफ्यात वाकलेली, तिचेच हात तापलेले. मी तळमळत पुढे गेले.

कोऱ्या दिवशी निशिगंधा धावायला जायची. पण दम आता पूर्वीचा राहिला नव्हता, कारण आम्हीच कमी झालो होतो. ज्या काही उरलो होतो त्या दुप्पट पळत होतो. वळणावर तिने गुडघे धरले ते अर्पिताने पाहिलं. त्याच संध्याकाळी तिने गळ्याची आन मोडली, गुलाबरावांना जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गुलाबराव काचपट्ट्यांची पेटी घेऊन दारात. "बोट दे."

"नाई देत. रक्त काढलं तं दम कमी होते," निशिगंधा म्हणाली आणि हात पाठीमागे लपवला.

"थेंबभर रक्तानं दम जात नाही व माय. ज्यानं जाते ते तुह्या आंगात बसून राह्यलं."

शालूबाईने तिचा हात स्वतः पुढे ओढला. सुई टोचली, आणि त्या एका थेंबात माझ्या कोट्यवधी सोबतिणी काचेवर गेल्या. मीही बोटातच होते, थोडक्यात मागे राहिले. खरं सांगू? मला हेवा वाटला. जे मला कधी सांगता आलं नसतं ते त्या नुसत्या पडून राहून सांगणार होत्या.

हिवताप निघाला. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, म्हणाले, "प्लीहा सुजली आहे. पंधरा दिवस धावायचं नाही." शालूबाई तेव्हा औषधाच्या रांगेत होती. निशिगंधाने ते वाक्य तिच्यापर्यंत पोचूच दिलं नाही. आणखी एक तपासणी, बरीचशी विचारपूस, मग गोळ्या मिळाल्या. गुलाबरावांनी समजावलं, "ह्या तीन दिवसाच्या, रक्तातल्यायसाठी. अन् ह्या चौदा दिवसाच्या, लिव्हरमंदे जे निजून राह्यले त्यायच्यासाठी. ताप उतरला म्हनून ह्या सोडल्या, तं दोन-तीन महिन्यानं तोच ताप पुन्हा दारात." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दार लावून निजलेले ते!

निशिगंधा अर्पिताशी बोलेना. "मले बुडवलं तिनं," असं आईला म्हणाली. अर्पिता रोज यायची, ओट्याशी उभी राहायची, बूट ठेवून जायची.

तीन दिवसांत ताप पळाला. गोळ्यांच्या सहाव्या दिवशी मैदान. निशिगंधा गेलीच. बुलढाण्याला त्या सकाळी शेकडो मुली, छातीवर क्रमांक, तोंडं कोरडी. शिट्टी वाजली आणि हृदयाने आम्हाला असं ढकललं की काय सांगू! मी एकशे दहा दिवसांची म्हातारी, वाकायला अंगात लवचिकपणा उरला नव्हता, तरी पोटरीच्या बारीक नळ्यांतून अंग मुडपून घुसत होते. टाकला प्राणवायू, फिरले माघारी. पण पोटरी मागतच राहिली आणि आम्ही पुऱ्या पडत नव्हतो. सहाशे मीटरला तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. उरलेलं अंतर ती चालत गेली. तिची फुगलेली प्लीहा त्या दिवशी धड राहिली हे नशीब. फुटली असती तर मी आज हे सांगायला नसते आणि तीही नसती.

अर्पिता त्याच तुकडीत धावली आणि पास झाली. मैदानाबाहेर रसवंतीशी ती निशिगंधाच्या शेजारी येऊन बसली. मग निशिगंधाने स्वतःचा अर्धा ग्लास तिच्यापुढे सरकवला. झालं, पुन्हा बोलणं सुरू झालं. मला बरं वाटलं. पुढे काय वाढून ठेवलंय याची मला काय कल्पना!

दुसऱ्याच दिवशी अर्पिताला थंडी वाजली. त्याच टाकीवरच्या डासांनी तिला काय वगळलं असतं? संध्याकाळच्या संध्याकाळ ती याच घरी बसलेली असायची. पुढच्या दुपारी ती निशिगंधाला म्हणाली, "निशे, माह्यं नाव नको लागू देऊ गुलाबकाकाच्या वहीत. भरतीचं मेडिकल राह्यलं अजून. काढून टाकतीन मले."

निशिगंधाने फडताळातून पाकीट काढलं. आठ गोळ्या घेऊन झाल्या होत्या, सहा शिल्लक होत्या. "घे. माह्या आंगात आता तापच नाही. दोघीतून एकीच्या तरी आंगावर वर्दी चढू दे."

मित्रांनो, यात वाईट हेतू शोधूनही सापडणार नाही. ज्या मुलींनी चणे, पाणी, बूट अर्धे अर्धे केले, त्यांनी औषधही अर्धं केलं. मी मात्र यकृतातून जाताना पाहत होते. निजलेले काही मेले होते, काही नाही. दोन बंद दारं मी स्वतः ओलांडली. दर मिनिटाला ओलांडत होते. नवव्या दिवशी सकाळी गोळी आली नाही. दहाव्या दिवशी आली नाही. मी प्रत्येक फेरीला वाट पाहायची आणि तशीच पुढे ढकलली जायची.

दहाव्या दिवशी दुपारी गुलाबराव आले. त्यांची रीत अशी की तोंडी उत्तरावर ते जात नाहीत, पाकीट बघायला मागतात.

"पाकीट दाखव."

"उंदरानं नेलं," निशिगंधा म्हणाली.

"उंदीर बेमार हाय का?" गुलाबरावांनी विचारलं. शालूबाई हसली, निशिगंधा हसली नाही. गुलाबराव पुढे जे बोलले ते सहजच बोलले, त्यांना काही माहीत नव्हतं. "नाई, म्हनून राह्यलो एवढंच. ह्या गोळ्या कोनालेबी नसतात देत. तुही तपासनी केली, मंग देल्ल्या. एखाद्याच्या आंगाले त्या सोसत नाहीत. रक्तच फुटते आतल्या आत. लघवी चहासारखी होते. लेकरू हातचं जाते." मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पेटी उचलली, चपला घातल्या.

तेव्हा हृदयाने आम्हाला ज्या वेगाने ढकललं, तो वेग मी मैदानावरही पाहिला नव्हता. रक्तच फुटते! म्हणजे आमच्यासारख्याच पेशी, अर्पिताच्या अंगातल्या, धाकट्या, म्हाताऱ्या, सगळ्या. मी कानातून गेले, घशातून गेले. बोल, पोरी. मला येत नाही, तुला येतं. मी एकदा झाकलं होतं, त्याचं काय झालं ते मला विचार. गुलाबराव फाटकापर्यंत पोचले. बोल ना!

"काका," निशिगंधा म्हणाली. "गोळ्या अर्पितानं खाल्ल्या. मी देल्ल्या. तिच्या घरी चला."

अर्पिता गोधडीत होती. दारात गुलाबरावांची पेटी पाहिली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "सांगितलंस," ती म्हणाली.

"हाव," निशिगंधा म्हणाली. "तू सांगितलं तवा मी पाच दिवस तुह्याशी बोलली नाही. तूबी नको बोलू. पन बोट दे."

गुलाबरावांनी आधी लघवीचा रंग विचारला. साधाच होता. ते खाली बसले, त्यांनी कपाळ पुसलं. मग म्हणाले, "बरा झालेला हिवताप कोनाच्या नोकरीले आडवा येत नाही, बाई. अर्धा बरा झालेला येते." अर्पिताने गोधडीतून हात बाहेर काढला. ती निशिगंधाकडे पाहत नव्हती, पण दुसऱ्या हाताने तिची ओढणी तिने घट्ट धरून ठेवली होती.

याला दोन दिवस झाले. अर्पिताला तपासून तिच्या स्वतःच्या गोळ्या मिळाल्या आहेत, आणि ती अजून रुसलेली आहे. निशिगंधाला डॉक्टरांनी चौदा गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांगितल्या. आज दुसरी झाली. माझं अंग आता ताठ झालंय. प्लीहेच्या फटीतून सकाळी मी कशीबशी सुटले. फार तर चार दिवस. सहावी गोळी मला दिसेल, चौदावी दिसणार नाही. ताप नसताना, कडू तोंडाने, एकटीने घ्यायच्या मधल्या त्या आठ दिवसांची मला धास्ती आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाच्या अशा गोळ्या चालू असतील, तर ताप उतरल्यावरही रोज सकाळी जाऊन विचारा, आजची घेतली का? पाकीट बघायला मागा. त्यांना राग येईल. येऊ द्या.